पाण्यावर उभी जामा मशीद

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडून शेख मेमन स्ट्रीटला वळलात की कापडबाजाराच्या गजबजाटात जामा मशिदीचं दार लागतं. पलीकडे झवेरी बाजार, जवळच मुंबादेवी. १८०२ साली ही मशीद पूर्ण झाली आणि तिच्या उभारणीत कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता.

आत जाऊन आधी तळं पाहा. मशिदीच्या पोटातच जुनं तळं आहे, झऱ्यांच्या पाण्याने भरणारं. त्या पाण्यातून काळ्या दगडाच्या कमानी वर येतात आणि अख्ख्या इमारतीचा भार पेलतात! पायऱ्यांवर बसून नमाजी वजू करतात, म्हणजे हातपाय-तोंड धुतात, आणि पाण्यात लाल-सोनेरी मासे, कासवं फिरत असतात. बाहेर उन्हाची काहिली असली तरी इथे गारवा जाणवतो. बांधणाऱ्यांनी तळं बुजवलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मशिदीचं काम नमाजापुरतं नाही. इथल्या कुतुबखान्यात, म्हणजे ग्रंथालयात, अरबी-फारसी हस्तलिखितं जपली आहेत. रमजान संपत आला की चंद्रदर्शनाची समिती इथेच बसते, आणि तिच्या निर्णयाकडे शहरभरच्या घरांचं लक्ष असतं, कारण ईद उद्या की परवा यावर शिरखुर्म्याचं दूध कधी आणायचं ते ठरतं.

पाहायला जायचं तर नमाजाची वेळ टाळा, शुक्रवारची दुपार तर नक्कीच. अंगभर कपडे घाला, चपला दाराशी काढा आणि आत जाण्याआधी तिथल्या मंडळींना विचारा.