रानपिंगळा आणि कोंडाण्याचा उंदीर



१८८४ साली खानदेशात रानपिंगळ्याचा एक नमुना गोळा झाला. त्यानंतर हा पक्षी ११३ वर्षं दिसला नाही. मधली एक नोंद होती, १९१४ ची, गुजरातेतली. ब्रिटिश पक्षी-अभ्यासक कर्नल माइनर्ट्झहागेन यांची. ती खोटी निघाली. संग्रहालयातला जुना पक्षी चोरून, त्याला नवी चिठ्ठी बांधून त्यांनी तो आपला म्हणून मिरवला होता. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली आणि सहकाऱ्यांना घेऊन त्या जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. हा पिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. पुढे मेळघाटात सापडला, तानसातही सापडला. ज्याला शोधलं, त्याचं जंगलही मग नकाशावर आलं.

आता कोंडाण्याचा उंदीर. सिंहगडाचं जुनं नाव त्याला मिळालं आहे. मऊ केसांचा, बीळ करून राहणारा हा निशाचर शास्त्राला कळला तो १९७५ मध्ये. त्याआधीच, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं उंदरांना सरसकट उपद्रवी ठरवून पाचव्या अनुसूचीत, कावळ्यांच्या पंगतीला बसवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूची रद्द झाली. पण आपल्या मनातली अजून तशीच आहे. रानपिंगळा आणि हा उंदीर, दोघेही धोक्यातल्या जिवांच्या लाल यादीत आहेत. तरी उंदीर म्हटलं की आपला हात आधी पिंजऱ्याकडे जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा सिंहगडावर गेलो होतो. रविवार होता, पिठलं-भाकरीच्या चुलींचा धूर पसरला होता. कड्याच्या बाजूला, करवंदीच्या जाळीखाली एक बीळ दिसलं. तोंडाशी ताजी, भुसभुशीत माती आणि तिच्यात रुतलेला प्लास्टिकचा पेला. आत कोण होतं ते दिसलं नाही. मी पेला उचलला आणि वाकून बराच वेळ बसलो. त्या उताराचं गवत पायाखाली जाऊन पार झिजलं होतं. गवत आणि झुडपं हेच तर त्या उंदराचं घर.

तुम्ही गडावर जाल तेव्हा पायवाट सोडून उतारावर शिरू नका. उरलेली भाकरी झुडपात टाकू नका, तिच्यावर घरातले उंदीर पोसतात. आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा. कोंडाण्याच्या उंदराची बाहेर पडायची वेळ तीच असते.