पन्नास युनिट टाकले, परत किती आले?

हेडफोन लावा, आज थोडं गणित आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात रब्बीच्या ओलितासाठी रात्री लाईनची वाट बघणं काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. थंडी, अंधार, सापाची भीती. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. ऊन दिवसा, पंपही दिवसा. वीज साठवायची भानगडच नाही.

पण घरातले दिवे रात्री लागतात. आणि पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पावसाळ्यात वारा मात्र जोरात असतो, म्हणून सौर आणि पवन ही जोडी चांगली. एक बैल दमला की दुसरा ओढतो. दोन्ही बसले तर?

तिथे हायड्रोजन येतो. उरलेल्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा, टाकीत दाबून ठेवायचा, गरज पडली की फ्युएल सेलमधून परत वीज करायची. नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर २००४ मध्ये पवनचक्की आणि हायड्रोजनवर १० घरं चालवून दाखवली होती.

आता गणित. १ किलो हायड्रोजन बनवायला साधारण ५० ते ५५ युनिट लागतात. परत मिळतात पंधरा-सोळा. बॅटरीत ५० टाकले तर ४०च्या वर परत येतात. म्हणजे रोजच्या रात्रीसाठी बॅटरीच बरी. पण आठ दिवसांची बेगमी करायची, तर तेवढ्या बॅटऱ्या घेण्यापेक्षा टाकी मोठी करणं स्वस्त पडू शकतं. हायड्रोजनचं खरं काम झडीतलं.

आणि पाणी? १ किलोला किमान ९ लिटर, तेही एकदम शुद्ध. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी आधी गाळून गोडं करावं लागेल, आणि मागे उरेल ते आणखी खारट.

राज्याचं हरित हायड्रोजन धोरण २०२३ मध्ये आलंय. उद्या तुमच्या गावात कोणी असा प्रकल्प घेऊन आलं, तर ग्रामसभेत बिनधास्त उभं राहा आणि तीन गोष्टी विचारा: किती युनिट टाकणार, किती परत देणार? पाणी कुठून घेणार? उरलेलं खारं पाणी कुठं सोडणार?

उत्तरं आकड्यांत मागा. भेटू पुढच्या भागात!