‘घाबरली आहे’ म्हणून सोडून देऊ नका

(वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजचा विषय आपल्या बैठकांत फारसा निघत नाही. घरच्या घरी घेतली जाणारी अँटिबायोटिकची इंजेक्शनं, आणि त्यानंतर अचानक येणारी रिअ‍ॅक्शन. हा डॉक्टरांचा विषय, आपला कसा, असं कुणी म्हणेल. पण घरात सुई कोण टोचतं ते बघा. दवाखान्यातून पाच-सात दिवसांचा कोर्स लिहून मिळतो. रोज जायचं तर रिक्षाभाडं, रांग आणि बुडणारा रोज. कंपाउंडरला घरी बोलवावं तर त्याचे पैसे वेगळे. मग तो एकदा दाखवून जातो आणि सून सासूला टोचू लागते, आई पोराला. दुखणं स्वतःचं असेल तर बाई आपल्याच मांडीत सुई घालते. दवाखान्याचं काम बाईच्या बिनपगारी कामात जमा होतं. आणि काही विपरीत घडलं तर बोलही तिलाच, ‘हिलाच नीट देता आलं नाही.’

आमच्या वस्तीतल्या एका घरकाम करणाऱ्या बाईला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं चालू होती. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सुई घेतल्यावर दहा मिनिटांत तळहात खाजायला लागले, पोटात कळा आल्या. ती म्हणाली, “मला काहीतरी होतंय, मी आता मरते.” घरचे म्हणाले, घाबरली आहे. कुणी कांदा हुंगवला, कुणी पाणी पाजलं. मग दोघांनी धरून तिला रिक्षापर्यंत चालवत नेलं आणि वाटेत ती कोसळली. दवाखाना जवळ होता म्हणून वाचली.

यातलं एक वाक्य नीट ऐका. ‘मी आता मरते.’ हा बाईचा कांगावा नाही. तीव्र अ‍ॅलर्जीला वैद्यकात अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि आपण मरणार अशी अचानक वाटणारी भीती हे तिचं मान्य लक्षण आहे. ‘बायका घाबरटच असतात’ या समजुतीपायी हे लक्षण आपण सगळे मिळून वाया घालवतो. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवणं हा आपल्या चळवळीचा जुना आग्रह आहे. इथे त्यावर जीव अवलंबून असतो.

आता ओळखायचं कसं? सुईच्या भीतीनं घेरी येते तेव्हा बाई पांढरीफटक पडते, गार घाम सुटतो, नाडी मंद होते. आडवी केली की थोड्या वेळात सावरते. नुसती धास्ती असेल तर श्वास भराभर चालतो, बोटांना मुंग्या येतात. पण या दोन्हींत अंगावर गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत. अ‍ॅनाफिलॅक्सिस बहुतेक वेळा सुईनंतर काही मिनिटांत, अर्ध्या तासाच्या आत सुरू होतो. अंगाला खाज, गांधी, ओठ-जीभ-पापण्यांना सूज, आवाज घोगरा होणं, छातीत घरघर, उलटी, पोटात कळा, नाडी जलद आणि क्षीण. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. काही वेळा गांधी उठतच नाहीत. श्वास अडतोय किंवा शुद्ध हरपतेय, एवढंही पुरे. शंका आली तर रिअ‍ॅक्शनच समजा.

मग काय करायचं? पहिलं, तिला आडवी झोपवा, पाय उंच करा. दम लागत असेल तर बसू द्या. गरोदर असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. उठवून चालवू नका, एकदम उभं राहिल्यानंही जीव जाऊ शकतो. तोंडानं काही देऊ नका. दुसरं, अ‍ॅड्रिनॅलिन. हेच खरं औषध. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम अशी त्याची कुपी असते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना वजनाप्रमाणे कमी. शिरेत कधीही नाही. ५ मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच. तिसरं, त्याच वेळी दुसरीनं १०८ ला फोन करायचा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी रिअ‍ॅक्शन उलटू शकते.

पुष्कळ ठिकाणी आधी एव्हिल नाहीतर स्टेरॉइड टोचतात आणि वाट बघत बसतात. त्यानं खाज कमी होईल, पण बंद होणारा गळा उघडणार नाही. अ‍ॅड्रिनॅलिनला पर्याय नाही. ही कुपी स्वस्त आहे. पण घरी सुई घ्यायला सांगताना ती बरोबर लिहून देणारे डॉक्टर मला क्वचितच भेटले.

म्हणून कोर्स घरी आणण्यापूर्वी बाईनं पाच गोष्टी विचाराव्यात. गोळीनं भागेल का? पहिली सुई दवाखान्यात देऊन अर्धा तास बसवून ठेवाल का? अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याचं प्रमाण लिहून द्याल का? हे इंजेक्शन स्नायूत की शिरेत? पूर्वी कोणत्या औषधानं गांधी उठल्या हे केसपेपरवर नोंदवलंत का? सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन स्नायूत देताना काही वेळा ज्या बधिर करणाऱ्या द्रवात कालवतात, तो शिरेत जाता कामा नये. टेस्ट डोस चांगला गेला, पहिल्या दोन सुया सोसल्या, म्हणजे धोका टळला असं समजू नका. अ‍ॅमिकासिनसारख्या औषधानं कान वाजू लागले, चक्कर आली तर पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. आणि घरात एकटी असताना सुई घेऊच नका.

मी कुणाला उपचारापासून परावृत्त करत नाही. संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलींना दर ३ किंवा ४ आठवड्यांनी पेनिसिलिन घ्यावं लागतं. ते भीतीनं बंद केलं तर झडपा आणखी बिघडतात. ते जवळच्या केंद्रात, झोपवून, देखरेखीखाली मिळायला हवं.

घरात सुई नकोच, असंही मी म्हणत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना त्या घरी जाऊन जेंटामायसिन टोचत. इतर काळजीही घेतली जात होतीच. तिथला नवजात बालमृत्यूचा दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. कमी शिकलेल्या बाईच्या हातून हे होत नाही, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. फरक इतकाच की त्या बायकांना प्रशिक्षण होतं, त्यांच्यावर देखरेख होती, मागे दवाखाना होता. आपल्या वस्तीतल्या सुनेच्या हातात फक्त सुई दिली जाते.

तेव्हा आपल्या मंडळांनी दोन कामं हाती घ्यावीत. प्रत्येक वस्तीत निदान चारजणींना रिअ‍ॅक्शन ओळखायला आणि मांडीत सुई द्यायला प्रशिक्षित डॉक्टरांकडून शिकवून घ्यावं. आणि जवळच्या आरोग्य केंद्रात लेखी मागणी करावी, की घरी इंजेक्शन लिहून देताना मराठीत सूचना आणि अ‍ॅड्रिनॅलिन बरोबर द्यावं, नाहीतर इंजेक्शन केंद्रातच, कामावरून परतणाऱ्या बाईला जमेल अशा वेळी द्यावं. अर्जाचा मसुदा आज इथेच करू. कागद-पेन काढा.