जाळ्यांच्या माडीवरील चित्रशाळा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



कमिटीने आम्हांस बोलावयास दिलेला विषय "गावचे सण आणि गावचे कारागीर" असा आहे. वसईच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या श्रोत्यांपुढे वसईच्याच सणांचे वर्णन करणे म्हणजे कोळणीस मासळीचा भाव सांगण्यासारखे आहे. म्हणून आज आम्ही तुम्हांस फार दूर, इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकास, कॉर्नवॉल परगण्यातील सेंट आइव्हज नावाच्या बंदरात नेणार आहोत. गाव लहानच, शेजारच्या वस्त्या धरून लोकवस्ती सुमारे ११ हजार. परंतु मासेमारी, देऊळ, सण आणि चित्रकारांच्या चित्रशाळा ही चारही एकमेकांस इतकी बिलगून असलेली दुसरी जागा आमच्या माहितीत नाही.

या गावास नाव मिळाले ते संत इया या कुमारिकेचे. ती आयर्लंडहून समुद्रावर तरंगणाऱ्या एका पानावर बसून आली, अशी तेथील दंतकथा आहे. तिच्या नावाचे मोठे देऊळ १४३४ साली पुरे झाले. पुढे १५४९ साली सरकारने लॅटिन मिस्सा बंद करून इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादले, तेव्हा कॉर्नवॉलचे लोक बंड करून उठले. बंड मोडल्यावर सर अँथनी किंग्स्टन नावाचा अंमलदार सेंट आइव्हजला आला. तो गावचा मुख्य जॉन पेन याच्या पंक्तीस जेवला, आणि जेवण चालू असता बाहेर फाशीचा खांब उभारून ठेवण्यास त्याने पेनलाच सांगितले. हात धुऊन दोघे बाहेर आले, आणि त्या खांबावर पेनलाच चढविण्यात आले. जुने देऊळ तेव्हापासून अँग्लिकन पंथाकडे आहे. परंतु गावात आता जे लहानसे कॅथलिक देऊळ आहे, तेथे जॉन पेनच्या स्मरणाची पाटी लाविलेली आहे. इतक्या शतकांनंतरही ज्यास आपला मनुष्य विसरवत नाही, ते गाव सण कशासाठी करिते हे समजण्यास फार अडचण पडू नये.

आता तेथील धंद्याकडे वळू. आपल्या तारलीच्या कुळातला पिल्चर्ड नावाचा मासा, हे त्या गावचे धन होते. डोंगरावर एक टेहळ्या बसविलेला असे. पाण्यावर थव्याची काळसर छाया दिसली की तो "हेव्वा! हेव्वा!" अशी आरोळी ठोकी, आणि गावातील पुरुष हातचे काम टाकून होड्यांकडे धावत. मासळी आली की ती तळघरांत मिठाचे थर देऊन रचण्याचे काम बायकांचे. नंतर ती पिंपांत दाबून भरीत आणि इटलीस पाठवीत, कारण उपवासकाळात मांस वर्ज्य असलेल्या कॅथलिक लोकांस ती हवी असे. कॉर्नवॉलचे मच्छीमार बहुतेक मेथडिस्ट पंथाचे, पोपची सत्ता न मानणारे; तरी पोपमहाराजांनी उपवासकाळ आणखी काही महिने वाढवावा, असे म्हणून ते थट्टेने त्यांच्या आरोग्याचा प्याला घेत. पोटाचा धंदा पंथापंथांत असे विनोदी स्नेह जुळवितो.

या धंद्यासाठी जी घरे बांधली गेली, त्यांची रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तळमजल्यास मासळीचे तळघर, आणि वर लांबरुंद, खांब नसलेली माडी. तेथे जाळी पसरून दुरुस्त करावयाची, शिडे शिवावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थवे येईनासे झाले आणि या माड्या रिकाम्या पडू लागल्या. गावात आगगाडी १८७७ साली पोहोचली होतीच. १८८४ साली व्हिस्लर व सिकर्ट हे चित्रकार तेथे येऊन राहिले, आणि त्यांच्यामागून देशोदेशीचे चित्रकार आले. समुद्राच्या उजेडाने भरलेली, उंच छपराची माडी थोड्या भाड्यात मिळत होती. उत्तरेच्या बाजूस मोठी खिडकी पाडिली की चित्रशाळा तयार. पोर्थमियर नावाच्या पुळणीवरील एका इमारतीत तर वर चित्रकार आणि खाली मच्छीमार असा संसार सुरू झाला, आणि तो अद्याप मोडलेला नाही.

हा शेजार गोडीगुलाबीनेच जमला असे कोणी समजू नये. प्रभूच्या दिवशी उघड्यावर चित्रफळी मांडून बसणारा मनुष्य त्या धर्मभीरू गावास मुळीच खपत नसे, आणि यात गावाचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. समेट घडवून आणण्यात पुष्कळ वाटा उचलला तो एका प्रथेने. लंडनच्या रॉयल अकादमीस चित्रे धाडण्यापूर्वी, वसंत ऋतूच्या तोंडाशी एक दिवस ठरवून, सर्व चित्रकार आपल्या चित्रशाळांचे दरवाजे गावास खुले करीत. त्यास "शो डे" म्हणत. त्या दिवशी गावकरी आणि परगावचे लोक गल्लीगल्लीतून एका माडीवरून दुसऱ्या माडीवर फिरत. चित्रांतील होडी कोणाची, म्हातारा कोण, हे पाहणाऱ्यांस ठाऊक असे. ज्याने जन्मभर शिडाचा दोर ओढिला त्याच्यापुढे चुकीचे शीड रंगवून निभावणार कसे? अशी परीक्षा कोणत्याही अकादमीत होत नसेल.

चित्रकार नव्हते तेव्हापासूनचे गावचे सण निराळे. संत इयाचा दिवस ३ फेब्रुवारीस येतो. त्याला धरून येणाऱ्या सोमवारी, रुप्याने मढविलेला एक चेंडू संत इयाच्या विहिरीवर आशीर्वादित करितात, आणि सकाळी गावचा मेयर देवळाच्या भिंतीवरून तो मुलांच्या घोळक्यात फेकतो. मग गल्ल्यांतून आणि वाळूवरून धावाधाव चालते. दुपारी बाराच्या ठोक्यास चेंडू ज्याच्या हाती असेल, तो मेयरकडे परत नेऊन देतो व रुप्याचे नाणे घेतो.

दुसरा समारंभ याहून विलक्षण आहे. जॉन निल हा तेथील जकातीचा अंमलदार, १७६७ साली गावचा मेयर झालेला. त्याने १७८२ साली डोंगरावर आपल्या थडग्यासाठी एक दगडी सुळका बांधिला. पुरला गेला मात्र लंडनास! परंतु त्याने ठरवून दिल्याप्रमाणे दर पाच वर्षांनी, संत याकोबाच्या सणी, २५ जुलैस, मच्छीमार, खलाशी किंवा कथिलाच्या खाणीतील मजूर यांच्या दहा लहान मुली पांढरी वस्त्रे नेसून, दोन वृद्ध विधवा आणि एक सारंगीवाला यांच्यासह त्या सुळक्याभोवती नाचतात व शंभरावे स्तोत्र गातात. १८०१ पासून हे चालत आले आहे. याचा पैसा ज्या लोखंडी पेटीत ठेविला, तिला कुलपे तीन. एक किल्ली धर्मगुरूकडे, एक मेयरकडे, एक जकातीच्या अंमलदाराकडे. कमिट्यांवर काम केलेल्या आमच्या मित्रांस या तीन कुलपांचे शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाही. आम्हांस विशेष वाटते ते दुसरेच. निलने नाचावयास गावच्या श्रीमंतांच्या मुली बोलाविल्या नाहीत, आणि विधवांस मागच्या रांगेत बसविले नाही.

इतके चांगले बोलल्यावर त्या गावाच्या एका मोठ्या उणिवेविषयी बोलणे भाग आहे. आल्फ्रेड वॉलिस (१८५५–१९४२) हा खलाशी, पुढे जुन्या दोरखंडांचा व भंगाराचा व्यापारी. बायको १९२२ साली वारली. एकटेपणा सोसवेना म्हणून सत्तरीच्या सुमारास तो चित्रे काढू लागला. कागद विकत घेण्याची ऐपत नव्हती. वाण्याने दिलेल्या वेड्यावाकड्या पुठ्ठ्यांवर, होड्यांस लावावयाच्या रंगाने, तो आपल्या तरुणपणची गलबते काढी. रविवारी कुंचला हाती न घेता बायबल वाची. १९२८ साली बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे दोन चित्रकार त्याच्या दारावरून जाता जाता उघड्या दारातून आत पाहून थबकले, आणि त्या दिवसापासून त्याची चित्रे लंडनच्या जाणत्या लोकांत फिरू लागली. त्यास मात्र त्यांचे काही शिलिंगच मिळाले. शेजाऱ्यांच्या लेखी तो एक विक्षिप्त म्हातारा होता. १९४२ च्या ऑगस्टात तो मॅड्रन येथील गरिबांच्या आश्रयगृहात वारला. नंतर मित्रांनी धावपळ करून बेवारशी खड्ड्यातून त्याची सुटका केली. समुद्रावर पाहणाऱ्या बार्नून स्मशानात त्याचे थडगे आहे. त्यावर बर्नार्ड लीच या थोर कुंभाराने स्वतः भाजलेल्या फरशा बसविल्या. त्यांवर एक दीपस्तंभ आहे, आणि त्याच्या दारात शिरणारा एक लहानसा, वाकलेला खलाशी. थडगे अतिशय सुंदर आहे. जिवंतपणी त्यास कोळसा आणि सोबत हवी होती.

इंग्रजांस बोल लावण्यापूर्वी आपलेही घर पाहावे. गोव्याच्या सांतु इस्तेव्ह बेटावर १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेत शिकले. पवित्र मारियेस त्यांनी आपल्याकडील स्त्रीचे रूप दिले, साडी नेसविली. गोव्यात त्यांचा आदर झाला नाही. उलट टीका झाली. त्यांस आसरा मिळाला तो पुण्यास, अँग्लिकन बंधूंच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे तेथे काम करून ते १९६७ साली वारले. कॅथलिक चित्रकारास इतर पंथीयांनी खोली द्यावी आणि आपण देऊ नये, हे आम्हांस आजही टोचते. त्यांची शेकडो चित्रे पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपली गेली. पण त्यांची मारिया आपल्या किती देवळांत आहे?

सेंट आइव्हजच्या देवळात मात्र तेथील चित्रशाळेतून निघालेली एक मारिया आहे. बार्बरा हेपवर्थ ही शिल्पकर्ती १९३९ साली लेकरांसह त्या गावी आली, आणि १९४९ पासून ट्रेविन येथील अंगणात हातोडी-छिन्नी घेऊन काम करू लागली. तिचा थोरला मुलगा पॉल विमानदलात होता. १९५३ साली थायलंडात विमान कोसळून तो वारला. वय अवघे २३. पुढच्या वर्षी तिने पांढऱ्या दगडात मारिया व बाळ येशू कोरून संत इयाच्या देवळास दिले. ही बाई सहसा मनुष्याकृती कोरीत नसे. गोल, पोकळ, नावे नसलेले आकार ती कोरी, आणि पुष्कळांस त्यांचा अर्थ लागत नसे. परंतु पुत्रशोक झालेल्या बाईस देवळाकडे कोणत्या रूपाने जावे हे अचूक समजले. १९६८ साली गावाने तिला व बर्नार्ड लीच यांस मानाचे नागरिकत्व दिले. १९७५ साली त्याच कार्यशाळेत आग लागून तिचा अंत झाला. पुढच्या वर्षी ती जागा हत्यारांसह लोकांस पाहण्यास खुली झाली.

चित्रकारांमुळे गावाचे नाव झाले, ते इतके की १९९३ साली लंडनच्या टेट संग्रहालयाने तेथे आपली शाखा उघडिली. मग नावाबरोबर पैसेवाले आले. सुट्टीपुरते उतरावयास त्यांनी मच्छीमारांची घरे घेतली. किमती अशा चढल्या की मच्छीमाराच्या मुलास गावात घर घेता येईना, आणि नवशिक्या चित्रकारासही. हिवाळ्यात कित्येक गल्ल्यांत दिवाच दिसत नाही. २०१६ सालच्या मे महिन्यात गावाने मतदान घेतले आणि शेकडा ८० हून अधिक लोकांनी कौल दिला की नवे बांधलेले घर तेथे कायम राहणाऱ्यासच मिळावे. नियम झाला, पण तो नव्या घरांपुरता, जुनी घरे आहेत तशीच विकली जात राहिली. टिकून राहिले ते पोर्थमियरचे कोठार, कारण १९४९ साली बोर्लेस स्मार्ट या दिवंगत चित्रकाराच्या नावाने विश्वस्त निधी करून ते वेळेवर विकत घेण्यात आले. तेथे निकल्सनने काम केले, १९५८ पासून पुढे चाळीस वर्षे पॅट्रिक हेरनने केले, आणि खाली जाळ्यांचे काम चालूच राहिले. अलीकडे त्या जुन्या इमारतीची मोठी दुरुस्ती झाली. ती करितानाही मच्छीमारांची तळघरे मच्छीमारांसच ठेविली.

बंधुभगिनींनो, विरारपासून नायगावपर्यंत वाड्यांचे काय होत आहे हे तुम्ही रोज पाहता. त्यावर आम्ही भाष्य करीत नाही. आमची विनंती लहान आहे. आपल्या जुन्या शाळेची माडी गेली काही वर्षे रिकामी आहे, आणि ती मालाच्या गुदामासाठी भाड्याने देण्याचा विचार कमिटीपुढे आहे, असे ऐकतो. भाडे चांगले येईल यात संशय नाही. परंतु निर्णय करण्यापूर्वी महोत्सवाच्या आठवड्यात एक दिवस ती उघडावी. वेदीचे नक्षीकाम करणारे सुतार, सणाच्या कमानी रंगविणारे तरुण, लुगड्यांवर कशिदा काढणाऱ्या आपल्या आया, बँडवाले, आणि जाळी विणण्याची जुनी गाठ ज्यांच्या बोटांत अजून आहे ते बंदरावरील वडीलधारे, यांस तेथे बसवावे. मुलांस मिस्सा आटोपल्यावर तिकडे न्यावे. म्हाताऱ्यांस जिना चढवत नसेल तर खालची पडवी झाडून द्यावी. तेवढे काम आम्ही आनंदाने पत्करू. भाड्याचा ठराव पुढच्या सभेत घेता येईल.