तान्ह्या बाळाचं नवं घर

वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. पण दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून दोन्हीकडे जिल्हाधिकारीच देतात. तो येईपर्यंत बाळ नव्या घरी दत्तकपूर्व संगोपनात असतं.

कागद पुरे झाले, पण पाळण्याचं काय? बाळाला सपाट, टणक गादीवर उताणं निजवावं. सैल गोधडी, मऊ खेळणी बाहेर. आणि आजीची मोहरीची उशी? माया कळते, तरी नकोच.

घशात काही अडकून रडणंच बंद झालं, तर बाळाला पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. घशात आंधळेपणानं बोट फिरवू नये. हे नुसतं ऐकून येत नाही, बाहुलीवर हातानं शिकावं लागतं.

रुग्णवाहिकेसाठी १०८, बालकांच्या मदतीसाठी १०९८.