कुमार गंधर्व : ध्वनिमुद्रिकांच्या संचातून

एखाद्या गवयाची एकच ध्वनिमुद्रिका ऐकून त्याच्याविषयी मत बनविणे, हे ग्रंथाचे एक पान वाचून ग्रंथकाराला निकालात काढण्यासारखे आहे. मळलेल्या वाटेने जाणाऱ्या गायकाचे त्यात फारसे बिघडत नाही. प्रयोगशील कलावंतावर मात्र अन्याय होतो. कुमार गंधर्वांवर तो पुष्कळ वेळा झाला.

बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या ऐके आणि त्यांतील गाणे हुबेहूब गाऊन दाखवी. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याला निरनिराळ्या घराण्यांचे मर्म कळले. मग क्षयाने गाठले. १९४८ साली कुमार देवासला गेले आणि सुमारे पाच वर्षे गाणे थांबले. एक फुफ्फुस निकामी झाले होते. त्यानंतरच्या गायनातील तुटक, आकस्मिक स्वरवाक्ये ऐकून काही जाणकार म्हणाले, ‘दमसास उरला नाही, म्हणून ही शैली!’

हा आक्षेप खरा की खोटा, याचा निवाडा एका मुद्रिकेवर होत नाही. त्यासाठी सारा संच समोर हवा. माळव्याच्या लोकधुनांपासून आरंभ करावा. आजारपणात कानी पडलेल्या त्या गाण्यांत कुमारांना रागांचे बीज दिसले. मालवती, लगनगंधार, संजारी हे धुनउगम राग त्यातूनच आले. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या ग्रंथात ते विचारपूर्वक मांडलेले आहेत. मग ‘गीतवर्षा’ ऐकावी : येथे लोकगीते आणि रागांतील बंदिशी एकाच ऋतूच्या सूत्रात ओवल्या आहेत. ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास आणि मीरा एकत्र येतात.

असे क्रमाने ऐकले, की एक गोष्ट ध्यानात येते. तुटकपणा ही केवळ दुर्बलता असती, तर ती सर्वत्र सारखीच दिसली असती. पण निर्गुणी भजनात स्वर निश्चल उभा राहतो. द्रुत बंदिशीत तान विजेसारखी चमकून जाते. स्वर कोठे थांबवावा, हे श्वासाइतकेच गीताच्या आशयाने ठरविले आहे. विलंबित ख्यालाचा संथ विस्तार ज्यांना प्रिय आहे, त्यांची हुरहूर येथे पूर्णपणे शमत नाही, हेही मान्य करावे. प्रयोगाला किंमत मोजावीच लागते.

‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा संच या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. ज्या मुलाने बालपणी नकलेने सभा जिंकल्या, त्याने प्रौढपणी बालगंधर्वांची पदे गाताना नक्कल कटाक्षाने टाळली. ‘उमजलेले’ या एका शब्दात त्याच्या साऱ्या साधनेचे सार आहे.

कुमार १९९२ साली निवर्तले. आज बंगळुरूच्या जे. पी. नगरातील मराठी घरातही माळव्याचे ते स्वर सहज ऐकता येतात. ऐकणाऱ्याने मात्र आवडते पद तेवढे निवडून थांबू नये. न आवडलेली मुद्रिकाही एकदा पुरती ऐकावी. कदाचित पुढच्या मुद्रिकेची किल्ली तिच्यातच सापडेल.