मुक्या यंत्राला वाचा



भिवंडी हे मागांचे गाव. यंत्राचा आवाज बदलला की कोठे बिघडले असेल, याचा तर्क येथे पुष्कळांना करता येतो. अशा गावापुढे एका मुक्या यंत्राची हकिकत सांगण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

हे यंत्र म्हणजे घरी बांधलेला, काचेच्या व्हॉल्व्हांचा ध्वनिवर्धक. येथल्याच एका घराच्या माळ्यावर तो वर्षानुवर्षे पडून होता. पत्र्याच्या पेटीवर तीन व्हॉल्व्ह : ईसीसी ८३, ईएल ८४ आणि ईझेड ८०. पहिला आवाजाची क्षीण लहर वाढवितो. दुसरा तिला लाउडस्पीकर हलविण्याइतके बळ देतो. तिसरा उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेने वाहावयास लावतो.

व्हॉल्व्हची कल्पना सोपी आहे. फ्लेमिंगने १९०४ साली दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला. ली द फॉरेस्टने १९०६ साली त्यात जाळी घातली. ही जाळी म्हणजे पाटाचे दार. दार बोटभर हलले की पाण्याचा मोठा लोंढा कमीजास्त होतो. १९४७ साली ट्रान्झिस्टर निघाला, तरी व्हॉल्व्हांचे दिवस लगेच सरले नाहीत. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ साली होऊ लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी ध्वनिवर्धक जोडणारे हौशी लोक त्या काळी होते.

हा ध्वनिवर्धक ज्यांनी बांधला ते आज नाहीत. त्यांच्या कन्येने तो आमच्या हाती देताना एवढेच सांगितले, “बाबांच्या हातचे काही बदलू नका.” आम्ही तेथेच वचन देऊ शकलो नाही. कारण आमच्या हातून पूर्वी एक अपराध घडला होता. असाच एक ध्वनिवर्धक मिळाला तेव्हा उतावीळपणे आम्ही त्याला सरळ वीज जोडली. मिनिटाभरात व्हॉल्व्हचा पत्रा लाल झाला, धूर निघाला आणि हाताने गुंडाळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. तो गुंडाळणारा हात पुन्हा कोठून आणावयाचा?

चूक कोठे झाली ते मागाहून कळले. आपल्या दमट हवेत कागदी कंडेन्सर ओल धरतो आणि गळू लागतो. त्यातून धन दाब जाळीवर चढतो, पाटाचे दार सताड उघडते आणि व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो. गुन्हा चिमुकल्या कंडेन्सरचा, फाशी मात्र ट्रान्सफॉर्मरला!

म्हणून या खेपेस आम्ही बाईंना म्हणालो, “मागाचा धोटा झिजला की बदलतात, म्हणून माग काही परका होत नाही. कंडेन्सर बदलू द्या, म्हणजे बाबांचे ट्रान्सफॉर्मर वाचतील.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “काढलेले मला परत द्या.” ते आम्ही कबूल केले.

मग कामास लागलो. सारे व्हॉल्व्ह काढले. कुजलेली वायर बदलली, पेटीला अर्थिंग दिले. ट्रान्सफॉर्मरची जोडणी २०० व्होल्टवर होती. आज घरात २३० व्होल्ट येतात. तशीच ठेवती तर ६·३ व्होल्टच्या तंतूला ७·२ व्होल्ट मिळाले असते. ती बदलून ४० वॅटचा दिवा सिरीजमध्ये लावला. दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला. म्हणजे शॉर्ट नाही. गळके कंडेन्सर काढून नवे झाळले आणि लाउडस्पीकर जोडून मगच व्हॉल्व्ह बसविले. ईएल ८४ च्या कॅथोडला १३५ ओहमचा रोधक होता. त्यावर सुमारे ७·३ व्होल्ट हवेत. दहाच्या पुढे काटा सरकता तर तत्काळ वीज बंद करावयाची, असे ठरले होते. काटा सातापाशी स्थिरावला तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

शेजारचे माग बंद होते त्या दिवशी बाईंना बोलाविले. प्रथम बारीक घरघर ऐकू आली. ती काढण्याकरिता आम्ही पेचकस उचलला, तोच त्या म्हणाल्या, “ही तेव्हाही होती.” आम्ही पेचकस खाली ठेवला.

श्रोतेहो, आपल्या माळ्यावर असे यंत्र असेल तर कौतुकाने प्लग लावू नका. नुसते उघडूही नका. वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्टपर्यंत दाब राहू शकतो, आणि तो प्राणावर बेततो. जाणत्याला बोलवा. पण भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी बोलवा. त्या डब्यात ज्याने रात्री जागविल्या, त्याच्या हाताची ओळख पुढच्या पिढीला पटावी, एवढेच आमचे मागणे आहे.